चार हंड्यांचं घर

आये,

जव्हारला माझ्या घरात आता नळ आहे, मे महिन्यातसुद्धा पाणी येतं. आज सकाळी डोक्यावर तांब्या ओतता ओतता तू आठवलीस. आपल्या खोडाळ्याकडच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि घरटी चार हंडे मिळायचे. पहिला प्यायचा. त्यावर ताट झाकताना तुझा चेहराच सैल व्हायचा. दुसरा चुलीपाशी. तिसरा शेळ्यांना आणि हातापायांना. चौथा भांड्यांना, आणि तो आणताना तू सगळा चढ टँकरवाल्याला शिव्या घालत यायचीस. हंडा तोच, चढ तोच, पण पहिल्याचा आनंद चौथ्याला कधी झाला नाही.

कॉलेजात याचाच नियम शिकवला. तहानलेल्याला पहिला पेला अमृत, दुसरा बरा, पाचवा तो हातानं बाजूला सारतो, असं सर सांगायचे. आश्रमशाळेतल्या कारकुनाच्या जागेसाठी मला मुलाखतीला बोलावलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो नियम तुला ऐकवला. केस धुळीनं चिकटले होते. म्हटलं, चौथ्या हंड्याची काय एवढी मातबरी, उद्या तो माझ्या डोक्यावर घाल. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "मंग तुज्या सरांना सांग, पाचवा आणून द्या म्हणावं." मला रडूच आलं. ही नोकरी हुकली असती तर दिवाळीनंतर पुन्हा तुमच्याबरोबर वीटभट्टीवर जायचं होतं, आणि तुला भांड्यांची पडलेली. रागानं मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलाखतीला जायची जीप निघायच्या आधी, तू पहिला हंडा घेऊन येतेस. ताट झाकत नाहीस, मला अंगणातल्या दगडावर बसवतेस.

"आये, प्यायचा हाय तो."

"जीप थांबल का चौथ्यापत्तुर? वाक खाली."

रिठ्यानं केस चोळतेस, जरा जास्तच जोरात, आणि हंडा पार रिकामा करतेस. बा रिकामा तांब्या घेऊन दारात येतो.

"पाणी?"

"तिच्या डोक्यावर गेलं. थांबा जरा, दुसरा आणते. आज भांडी राखेनं."

बा उंबऱ्यावर बसतो. तांब्या पालथा घालतो आणि मला म्हणतो, "आता नोकरी घिऊनच ये. नायतर पाणी परत दे."

नोकरी मिळाली. मुलाखतीत काय काय विचारलं ते विसरले, पण मानेवरून पाठीत उतरलेला तो गारवा अजून जसाच्या तसा आठवतो. त्याच पगारावर हे घर झालं, हा नळ आला. तू त्याच्या आधीच गेलीस, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुला इथे बसवून, घाई न करता, तुझे केस धुवायचे होते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू दे इथेच. आता मी रोज केस धुते. खरं सांगू, आये? कंटाळा येतो.