बाबांचे चरित्र रिकामे करून देण्याबाबत

तीर्थस्वरूप दाजी,

तुम्हा उभयतांना आम्हा सर्वांचा नमस्कार. देवाच्या दयेने इथे सगळे बरे आहे. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? (औषध घेताना ती अजून तोंड फिरवते का, तेही कळवा.)

आता मुख्य गोष्ट. बाबांनी जन्मभर लोकांची घड्याळे दुरुस्त केली आणि स्वतः मात्र चार शब्दांच्या पुढे कधी बोलले नाहीत. त्यांचे चरित्र लिहून ठेवावे असे मनात आले, म्हणून एक लेखक ठरवला. भला माणूस आहे, कुणाची नोकरी करत नाही, काम मिळेल तसे लिहितो. कुणीतरी म्हणाले, आधी करार करा. मला कायद्याचे काय कळणार? पण माडीवरच्या खोलीसाठी तुम्ही करून दिलेला भाडेकरार कपाटात होता. वकील जावयाच्या हातचा, म्हणजे चूक असणे शक्य नाही. मी 'भाडेकरू' खोडून 'लेखक' केले, 'खोली' खोडून 'बाबांचे चरित्र' केले, देवाला हात जोडले आणि सही केली.

लेखकही सरळ माणूस. करार शब्दशः पाळतो. चरित्रात तो खिळे ठोकत नाही, पोटभाडेकरू ठेवत नाही. पण पूर्वसूचना दिल्याशिवाय मालकाने बाबांच्या चरित्रात प्रवेश करायचा नाही, असे सातवे कलम आहे, आणि मालक मी. पाने बघायला मागितली तर म्हणाला, "एक महिना आधी लेखी कळवा." बाबांना सांगितले, तर तेही त्याच्याच बाजूने. "सही करताना चष्मा काय देवाला वाहिला होतास?"

खरा घोर शेवटच्या कलमाचा आहे. मुदत संपताच लेखकाने आपले सर्व सामान घेऊन जावे व बाबांचे चरित्र रिकामे करून द्यावे! "लिहिलेली पाने हे माझे सामान," असे तो म्हणतो. मुदत पुढच्या महिन्यात संपते. बाबा आता थकले आहेत, दाजी. हे सगळे ते पुन्हा कुणाला सांगणार नाहीत.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : तरी नवा करार ताबडतोब करून पाठवा. लिखाण शेवटी कुणाचे, ते आम्हाला कधी वाचायला मिळणार, बदल किती वेळा सांगता येतील आणि घरातले घरातच राहील ना, एवढे त्यात असू द्या.

आणखी एक : यात तुमचेही हित आहे. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला माझेच आहेत. तिसऱ्या प्रकरणात तुम्ही ताईला मागणी घालायला आलात, घाबरून परसातल्या हौदात पडलात आणि बाबांची विजार घालून लग्नाची बोलणी केलीत, हे सविस्तर आले आहे.

शेवटचे : पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात लेखक निघाला आणि बाबा त्याला दारापर्यंत सोडायला गेले. म्हणाले, "उद्या लवकर ये रे." आई गेल्यापासून ते कुणालाही असे म्हणाले नव्हते. तेव्हा नव्या करारात मुदत भरपूर घाला, बाकीची कलमे सावकाश होऊ द्या. विजारीचे तेवढे तुम्ही सोसा.