विमानातली सावरीची गादी

दक्षिणेचा तळ,
१२ एप्रिल १९४५

ती. इशिनोमावशीस कियोमित्सुचा सा. न. वि. वि.

हे पत्र तपासनिसाच्या टेबलावरून न जाता धुणेवाल्या ओतामीबाईंच्या गाठोड्यातून येतंय, तेव्हा वासाबद्दल माफ कर.

आमच्या तुकडीचं ठरलं. विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळायचं, परत यायचं नाही. पण कॅप्टनसाहेबांना काळजी केवढी! चामडी टोपाचा पट्टा ढिला दिसला की डोक्याला लागेल म्हणून खेकसतात. आम्ही एकमेकांकडे बघतही नाही, हसू फुटेल म्हणून. तरंगती जाकिटं मात्र काढून घेतली. शिकाऊ पोरांना हवीत. हवाई छत्र्याही घेतल्या.

इथेच घोळ झालाय. विमानाच्या खुर्चीत छत्रीच्या घडीसाठी खड्डा असतो, त्या घडीवरच आम्ही बसतो. छत्री गेली, खड्डा राहिला. मी आत बसलो की विहिरीतला बेडूक. जहाज सोड, धावपट्टीसुद्धा दिसत नाही. तू उभ्या गावाच्या गाद्या भरतेस, भाच्यासाठी एक जाडशी भरून पाठव. लवकर. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही.

लोभ आहेच, उरलासुरला पार्सलात कोंब.

तुझा कियो


१७ एप्रिल

चि. कियोमित्सुस मावशीचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. वास आवडला, गावात साबण बघून वर्ष झालं.

गादी मागतोस जसा काही नाटकाला निघालायस. आमच्या महिला मंडळाच्या हमासाकीबाई धावत आल्या, गादीवर 'सात जन्म देशासाठी' असं भरतकाम करू म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, पोर त्यावर बसणार आहे, त्याला देशावर कशाला बसवता? रेशमाची लडी गुंडाळून परत गेल्या.

कापूस गावात उरलेला नाही. म्हणून आमच्या ह्यांचं, तुझ्या तोराजीकाकांचं, तरंगतं जाकीट उसवलं. आत जावा बेटावरून आलेला सावरीचा कापूस, अजून कोरडा ठणठणीत. असणारच. मासे धरायला जाताना ते घालायची त्यांना लाज वाटायची. त्या वादळाच्या दिवशीही ते खुंटीवरच होतं. काका गेले, जाकीट राहिलं.

गादीला चार बंद लावलेत. मांड्यांवरून आणून छातीशी आवळ. कुणी विचारलं तर सांग, सरकू नये म्हणून. मावशी खुळी आहे, पण ऐक तिचं.

लोभ पार्सलात बसेना, म्हणून वरून शिवलाय.

इशिनो


दक्षिणेचा तळ,
९ जून

ती. मावशीस सा. न. हा नमस्कार मेलेल्या माणसाचा आहे, दचकू नकोस.

शत्रू दिसायच्या आधीच इंजिनाने मान टाकली. समुद्रात पडलो. विमान दगडासारखं तळाला गेलं. गादी तरंगली, आणि तिला बांधलेला मीही; पण बूड वर आणि तोंड खाली! कसेबसे बंद सोडले नि गादी पोटाशी धरली. शिंपले काढणाऱ्या बायांनी होडीत ओढलं. त्यांना आधी कासवच वाटलं. डोक्याला मात्र काही लागलं नाही, कॅप्टनसाहेबांना तेवढंच समाधान.

तळावर कुणाला आनंद नाही. माझ्या मरणाचा कागद गेला होता, असं मरणाऱ्यांना करतात तसं दोन हुद्दे चढवून मला देव केलं होतं. देव ओल्या चड्डीत परत आला तर ठेवायचा कुठे? कोठारामागच्या खोलीत कोंडलाय; धुणं न्यायला ओतामीबाई येतात तेवढ्याच. एक अधिकारी रोज विचारतो, बसायची गादी तरंगलीच कशी. मी सांगतो, मावशीने भरली.

नवं विमान आलं की पुन्हा पाठवणार आहेत, आणि या खेपेला गादी पेंढ्याची, तपासून. वर घरघर झाली की दाराच्या फटीला डोळा लावतो, नवं विमान आलं का बघायला. मावशी, पहिल्या वेळी मी घाबरलो नव्हतो. आता घाबरतो.

लोभ असू दे. देवाला नैवेद्य नको, सुकट चालेल.

कियो


२० ऑगस्ट

चि. कियोस आशीर्वाद, भरपूर.

गेल्या बुधवारी रेडिओवर सम्राट बोलले. खरखर फार आणि भाषा दरबारी, कुणाला काही कळेना. हमासाकीबाई म्हणाल्या, आणखी लढा म्हणतात. बांबूचा भाला घेऊन निघाल्यासुद्धा. मग मास्तरांनी रडत रडत सांगितलं, संपलं सगळं. बाई आता त्या भाल्याने रताळी उकरतात.

तेव्हा विमान येणार नाही. वाचलंस ना? येणार नाही.

मंडळाने दारावर 'वीराचं घर' अशी पाटी ठोकलीय. तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही; गवगवा झाला असता तर तुला घाईने पाठवलं असतं. तुझ्या फोटोपुढे रोज रताळं ठेवलं आणि रोज मीच खाल्लं. लोक येऊन रडायचे, मी पदर तोंडाशी धरून हसायचे. त्यांना वाटायचं हुंदका. ये आणि ती पाटी काढ, माझा हात पोचत नाही.

गादी तिथे टाकून येऊ नकोस. खारं पाणी काढून, उन्हात वाळवून खुंटीला टांगायचीय. काकांना एकदा ऐकवायचंय: बघा, वापरायचं असतं ते. निदान बुडाखाली तरी.

लोभ आता तूच घेऊन ये. इथला पुरवून पुरवून वापरलाय.

तुझी मावशी