विरजणाचा रुमाल

कार्ल्सरूहे
४ जानेवारी २०२५

ती. प्रभाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला लागले तर मधेच रडू येईल, म्हणून लिहिते आहे. आईचं विरजण गेलं. कामासाठी आठवडाभर ड्युसेलडॉर्फला होते. इकडे मला बरं वाटावं म्हणून दियाने फ्रिज घासूनपुसून लख्ख केला. विरजणाच्या काचेच्या बरणीवर तारीख नव्हती, आणि इथे वाढलेल्या मुलांना तारीख नाही म्हणजे खराब. लेकीने दही ओल्या कचऱ्यात टाकलं, बरणी धुऊन सुपरमार्केटात परत दिली आणि तिच्या डिपॉझिटची, म्हणजे इथल्या फांडची, पावती माझ्यासाठी टेबलावर नीट ठेवली.

ते दही किती जुनं होतं, असं तिने जर्मनमध्ये विचारलं. मी म्हटलं, पंचवीस वर्षं. ती घाबरलीच. मग समजावलं की दही नवंच असतं, चमचाभर तेवढं आधीचं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तिच्या आजीने मलमलीच्या रुमालाला दही लावून, सावलीत सुकवून बॅगेत दिलं होतं, हेही सांगितलं. तेव्हापासून खोलीत जाऊन बसली आहे. रागावू तरी कशी?

तुझ्याकडे आईचंच विरजण आहे. तसाच एक रुमाल सुकवून पाठव ना. जैसलमेरच्या सहलीला निघण्याआधी जमलं तर उत्तम. उल्हासभाऊजींना नमस्कार.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी
नंदा

जैसलमेर
२९ जानेवारी २०२५

चि. नंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. रुमाल पाठवलेला नाही. का, ते शेवटी सांगते. आधी गाव ऐक.

गाव सगळं पिवळ्या दगडाचं. किल्ल्यात अजून माणसं राहतात. तोफेच्या पलीकडे कुणाची तरी चादर वाळत होती. आमचा टूर मॅनेजर मयुरेश घड्याळाचा पक्का. पटवांच्या हवेलीला वीस मिनिटं, खरेदीला पाऊण तास. हवेलीतली जाळी इतकी बारीक कोरलेली की हे दगडावर हात फिरवत तिथेच राहिले आणि बसमध्ये सगळ्यांची बोलणी खाल्ली. गडीसर तलावावर कडाक्याची थंडी. वाळवंट म्हणून सुती साड्या आणल्या होत्या, त्यावर यांचा स्वेटर घालून फिरले. बाजारात दियासाठी कशिद्याच्या मोजड्या घेतल्या. माप तू सांगितलेलंच आहे, तेव्हा लहान झाल्या तर माझ्यावर ढकलू नकोस.

पुढच्या दुकानात तपकिरी दगडाच्या वाट्या होत्या. दुकानदार म्हणाला, यात कोमट दूध ओता, विरजणाशिवाय दही लागतं. यांचा विश्वास बसेना, शेवटी इंजिनिअर माणूस. मला मात्र सुटल्यासारखं झालं. दोन वाट्या घेतल्या आणि हॉटेलच्या स्वयंपाक्याकडून दूध मागून लावलं. सकाळी खरंच दही लागलं होतं. हे वाटी उचलून खालून बघू लागले. मी चमचाभर खाल्लं. दही चांगलं होतं, पण कुणाच्याच घरचं नव्हतं. वाटी पाठवून भागणार नाही, हे तेव्हा कळलं.

नंदा, माझ्याकडे आईचं विरजण नाही. आई गेली तेव्हा तेरा दिवस मी माहेरीच होते. घरी परतले तर माझं विरजण नासलेलं, आणि आईकडचं त्या दिवसांत कुणी लावलंच नव्हतं. तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं, डेअरीच्या दह्याचं विरजण लावते. तू दर वेळी येऊन दोन वाट्या संपवतेस आणि अगदी आईच्या हातचं म्हणतेस. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा तुझे डोळे भरले होते, मला सांगवलं नाही. मग उशीर होतच गेला. दियावर रागावू नकोस. तिने अजाणता टाकलं, मी जाणून लपवलं.

वाटी आणि मोजड्या वेगळ्या पार्सलने पाठवते. वाटी चटणीला तरी होईल.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी
ताई

कार्ल्सरूहे
९ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावले. चांगली दोन दिवस. मी डेअरीचं दही खाऊन डोळे पुसत होते आणि भाऊजी समोर बसून माना डोलवत होते! त्यांचा नमस्कार या पत्रापुरता रद्द.

तिसऱ्या दिवशी तुझं पत्र दियाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आजीचं दही तू कधी कुणाला दिलंस का? आधी नाहीच म्हटलं. मग आठवली येना शहरात राहणारी मैत्रीण स्वरूपा. तिच्या बाळंतपणात आठ दिवस राहायला गेले होते, तेव्हा दही मीच लावून दिलं होतं. फोन केला. ती सहज म्हणाली की अजून तेच चालू आहे, मोडलंच नाही कधी. मी फोन दियाच्या हातात दिला.

आणायला दिया एकटी गेली, गाड्या बदलत, डबा मांडीवर धरून. आता नव्या बरणीवर तिने जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवली आहे: १९९९ पासून. टाकू नये.

पार्सल मिळालं. वाटीत आईचं विरजण घालून दही लावलं, घट्ट लागलं. मोजड्या लहान झाल्या. माप माझंच चुकलं, ढकलत नाही.

ताई, तू सांगितलंस ते बरं केलंस. दिवाळीत येते आहे. तुझ्याकडे दोन वाट्या संपवीन आणि आईच्या हातचं म्हणेन. तेव्हा ते खरं असू दे.

लोभाला तारीख नसते, तो टाकू नये.

तुझी
नंदा

ता. क. पाकिटात मलमलीचा रुमाल आहे. धुवायला टाकू नकोस. कोमट दुधात भिजव आणि सकाळपर्यंत भांडं हलवू नकोस.