चार आणि थोडं

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा मार्ग. बातमी अशी की बाबांच्या जुन्या ट्रकला मी नवे ॲक्सल बसवणार आहे, पुढचा आणि मागचा, दोन्ही. नवे म्हणजे भंगारातले, पण अवजड गाडीचे. बाबांनी ट्रकला मोठे टायर घातले आणि ॲक्सल मूळचेच नाजूक ठेवले, त्यामुळे गेल्या वर्षी मामांच्या घराखालच्या चढावर मागचा काडीसारखा मोडला.

घाई का, ते तुला माहीत आहे. मामा चौऱ्याऐंशीचे, वरच्या घरातून खाली उतरायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. आईचे गुडघे तसे. बहीण-भावाने एकमेकांचं तोंड पाहून तीन वर्षं झाली. शेवटचे चार मैल नुसते दगड, तिथे भाड्याची कुठलीही गाडी यायला तयार नाही, चारही चाकांनी ओढणारा आपला ट्रकच चढतो. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेऊ म्हटलं, तर आई म्हणते, चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे, त्याची घाई नको.

तेव्हा मार्चअखेर तिला वर न्यायचं, असा मी शब्द दिला आहे. तुझी मदत लागणार नाही, तू आपलं लेथचं दुकान सांभाळ. एकतीस वर्षं नकाशांच्या खोलीत काढली, केसाएवढी रेघ चुकली तर पोरांना फैलावर घेतलं. मला दोन लोखंडी दांडे बसवता येणार नाहीत का? तुझ्या वहिनीने हे वाचलं आणि ती नुसतीच हसली. तू हसू नकोस.

लोभ आहेच, हसण्यापायी त्यात घट होऊ देऊ नये.

तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हसले, क्षमा असावी. तुझे ते दोन दांडे प्रत्येकी शंभर-दीडशे किलोंचे असतील, तेव्हा पायाचे अंगठे जप. आणि दोन्ही ॲक्सल एकाच गाडीतून निघालेले घे. तसे मिळालेच नाहीत तर फेऱ्या मोज. ॲक्सलची दोन्ही चाकं एकदा पुरती फिरवायची आणि मधला शाफ्ट किती वेळा फिरतो ते पाहायचं. पुढचा आकडा आणि मागचा आकडा तंतोतंत एक हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये चाकांची आपसात ओढाताण होते.

तू हो म्हण, मी दुकान बंद ठेवून येते. त्या ऑइलच्या बुचाच्या प्रकरणानंतर बाबांनी मला शेडमध्ये पाय ठेवू दिला नाही, पण आता बाबा नाहीत आणि मी एक्कावन्न वर्षांची आहे. परवा मामांना फोन केला होता. आवाज फार खोल गेलाय रे.

वहिनीला नमस्कार. लोभ करावा आणि जमलं तर ऐकावंही.

तुझी धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

ॲक्सल बसले. बावीस दिवस मी ट्रकखाली होतो, त्यातला एक तास अडकून. सदरा स्प्रिंगच्या पाट्यात गुंतला तेव्हा तुझी वहिनी फोनवर बोलत होती. तिने हाताने थांब अशी खूण केली आणि मी थांबलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. ब्रेकचा पाइप सोडताना तेलाची अंघोळ झाली. समोरच्या शिंप्याने पाटे आवळायला हात दिला आणि वर हेही सुनावलं, की नकाशे काढणाऱ्याने नकाशेच काढावेत. पण काल ट्रक रस्त्यावर असा मऊ चालला की मी खिडकीतून कोपर बाहेर काढून दोन चकरा मारल्या. लोक बघत होते, असं मला तरी वाटलं.

मग अंगणात येऊन फोर-व्हीलचा दांडा ओढला. दहा-बारा हात सिमेंटवरून जातो न जातो तोच ट्रक कण्हू लागला, मग उड्या मारू लागला आणि मग जागच्या जागी आवळून बसला. दांडा मागे येईना. आई पायरीवर बसून बघत होती. प्रवासाची पिशवी तिने भरून दाराशी ठेवली होती, ती उचलून तिने आत नेली.

काहीतरी किरकोळ असणार, तू यायची गरज नाही, माझं मी बघतो. मामांच्या शेजारणीचा निरोप आहे की ते आता दिवसभर पडूनच असतात.

लोभ कायम असू दे, तूर्त मला त्याची गरज आहे.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

दांड्याशी झटापट करू नकोस, आतली दातेरी चाकं फुटतील. जॅक लावून एक चाक जमिनीवरून उचल, ताण सुटला की दांडा आपोआप येईल. बाकी दोनच प्रश्न. ॲक्सल एकाच गाडीचे आहेत का? नसतील तर फेऱ्या किती भरल्या? फोन करून सांगितलंस तरी चालेल, पण तू पत्रच लिहिशील.

लोभाची काळजी नको, दांड्याची घे.

तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

दोन गाड्यांचे आहेत. मागचा आधी मिळाला, त्याच्या जोडीचा मिळेपर्यंत धीर धरवला नाही. फेऱ्या मोजल्या. मागच्याच्या चार आणि थोडं. पुढच्याच्याही चार आणि थोडं. वहीत तसंच लिहिलंय, माझ्या सुबक अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून. मोजताना मी भंगारवाल्याला कामात काटेकोरपणा किती महत्त्वाचा ते समजावत होतो, त्यात थोडं म्हणजे किती हे पाहायचं राहून गेलं. तुझ्या युक्तीने दांडा सुटला, मग शाफ्ट सोडून पुन्हा मोजलं, तोंड बंद ठेवून. मागचं थोडं एक दशांश आहे. पुढचं थोडं अर्ध्याहून जास्त. माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं, तर मी त्याला वहीसकट जिना दाखवला असता.

आता खरं काय ते लिहितो. तुला बोलवायला मी बिचकतो, त्याचं कारण ते बूच आहे. तू चौदाची होतीस. ॲक्सलमध्ये ऑइल भरून बूच तू आवळलं होतंस. नंतर मी मोठेपणाने ऑइल पाहायला ते उघडलं आणि नुसतं हाताने फिरवून सोडून दिलं. ते वाटेत पडलं, ऑइल गळून ॲक्सल जळाला, आणि बाबा तुझ्यावर बरसत होते तेव्हा मी पाना पुसत उभा राहिलो. त्या दिवसापासून ट्रक माझा झाला. सदतीस वर्षं मी त्याच्याखाली शिरतोय आणि दर वेळी मला ठाऊक असतं की इथे तू असायला हवी होतीस. मला याची लाज वाटते. आईसाठी ये. माझ्यावर बोलली नाहीस तरी चालेल.

लोभ असावा म्हणायचं धाडस होत नाही.

दादा

१९ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं. बूच मी दोनदा आवळलं होतं. पहिली काही वर्षं तू बोलशील म्हणून वाट पाहिली, मग कंटाळले आणि दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन लेथ शिकले. राग होता. थोडा अजून आहे, आणि हा थोडा मी नीट मोजलेला आहे.

पुढच्या ॲक्सलच्या पोटातली क्राउन-पिनियनची, म्हणजे फेऱ्या ठरवणाऱ्या दातेरी चाकांची, जोडी बदलली की तो मागच्याशी जुळेल. तशी जोडी इथल्या भंगारात मिळाली, दाते मोजून घेतले आहेत. शनिवारी सकाळी पोचते. ट्रकखाली मी जाईन. तू बॅटरी धरायचीस आणि बोलायचं नाही. आईला तयारी करायला सांग.

लोभ आहे, म्हणूनच येते.

तुझी धाकटी

१२ एप्रिल

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

मामा परवा पहाटे गेले, हे तुला फोनवर कळलंच. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपण वर गेलो त्याला तेव्हा तेराच दिवस झाले होते. तू चालवत होतीस, मी मागच्या हौद्यात सामान धरून आपटत होतो, आणि तुझ्या शेजारी बसलेली आई प्रत्येक दगडाला तुला शाबासकी देत होती. मला तेव्हा हेवा वाटला, हेही सांगून टाकतो. वर पोचल्यावर आईने मामांची नखं कापायला घेतली. त्यांनी तिला वाकडी कापतेस म्हणून दटावलं, तिने त्यांना लहानपणापासूनची सगळी गाऱ्हाणी ऐकवली. चार तास दोघं भांडत होते आणि दोघंही खूश होते.

ते चार तास तुझ्यामुळे मिळाले. पण तू ९ फेब्रुवारीलाच येते म्हणाली होतीस. तेव्हा हो म्हटलं असतं तर त्यांना दीड महिना मिळाला असता. हा विचार काही केल्या जात नाही.

इतका उशीर का केलास, असं आईने मला एकदाही विचारलं नाही. शेवटी काल मीच सांगितलं, त्या बुचापासून सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, की धाकटी पुन्हा कधी येणार आहे. मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर विचारतो आहे.

लोभ असावा, हे लिहिताना आज भीड वाटते. तरी लिहितो.

तुझा दादा