सगळ्यांना कळवले आहे

४ जून
आजपासून ऑफिसात रोज एक टीप. सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलतं आणि इथे कुणाला त्याचा पत्ता नसतो. लिफ्टची देखभाल करणारी कंपनी. सगळ्यांचं लक्ष वर-खाली, स्क्रीनकडे कोण बघणार? मी बघणार. साहेब म्हणाले, नवीन व्हर्जन येतंय, सगळ्यांना तयार कर, मग तुझ्या पर्मनंटचं बघू. बघू म्हणजे झालंच. बारावीत अडकलेल्या माणसाला असा मान सहसा मिळत नाही. पर्मनंट झालो की दादाकडची गॅलरी सोडायची, खोली घ्यायची आणि आईला मामाच्या घरून आणायचं.

६ जून
पहिल्या दोन टिपा मेलने गेल्या. शुद्धलेखन तीनदा तपासलं. कुणाचं उत्तर नाही. विचार करत असतील.

११ जून
अकाउंटवाले काका मला 'अपडेट' म्हणू लागलेत. आल्या आल्या विचारतात, काय रे अपडेट, रात्रीतून काय बदललं, आमच्या खुर्च्या तरी आहेत ना जागेवर? सगळे हसतात. आपुलकी वाढतेय.
घरी वहिनीला सातवा लागलाय. दादा म्हणाला, तुझं काय ते लवकर बघ, घाई नाही. दोन्ही एकाच दमात म्हणाला.

१७ जून
आज विजय. टीप : नको असलेले मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये कसे पाठवावेत. पहिल्यांदाच सगळ्यांनी रस घेतला. रिसेप्शनवाली ताई स्वतः उठून आली आणि म्हणाली, जरा सावकाश सांग, ही एक तरी मला यायलाच हवी. काकांनी विचारलं, एकाच माणसाचे सगळेच्या सगळे जातात का? म्हटलं, सगळे, कायमचे. काका म्हणाले, शाब्बास रे पठ्ठ्या. मग प्रत्येकाला आपापलं करायला सांगितलं आणि मुद्दाम पाठ करून उभा राहिलो. शिकवण्याची हीच खरी पद्धत. साहेबांनीही करून बघितलं.

२० जून
तेव्हापासून मेल फार येतात अशी कुणाची तक्रार नाही. टिपा पचू लागल्या.

२४ जून
कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन गेला. शनिवारी नवीन व्हर्जन बसणार आणि डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जाणार. ज्याला जे हवं ते त्याने शुक्रवारपर्यंत ऑफिसच्या फोल्डरमध्ये टाकायचं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सगळ्यांना कळव, ही तुझी जबाबदारी.
मेल लिहायला दुपार गेली. पहिली ओळ लाल अक्षरांत : अत्यंत महत्त्वाचे. 'महत्त्वाचे'मधले दोन्ही त तपासले. तोंडी सांगावं असं क्षणभर वाटलं. काका हाताच्या अंतरावर बसतात. पण तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही. साहेबांनाही मेलची प्रत पाठवली.
आईला फोन केला. म्हटलं, सोमवारी माझं पर्मनंटचं पक्कं, तू निघायच्या तयारीला लाग. तिने विचारलं, मामीला सांगून टाकू का? म्हटलं, टाक सांगून.

२७ जून
शुक्रवार. कुणी काही हलवताना दिसलं नाही. माझी नजर चुकली असेल. काका म्हणाले, काय रे अपडेट, आज गप्पसा? म्हटलं, मेलमध्ये सगळं आहे. ताई इतकी हसली की वाजणारा फोन तिने तसाच वाजू दिला. वातावरण उत्तम.

३० जून
सगळ्या इमारतींच्या वॉचमनचे नंबर काकांच्या डेस्कटॉपवर होते. गेले. सकाळीच एका इमारतीतली लिफ्ट अडकली, आत एक आजोबा, आणि तिथे कुणाला फोन करायचा ते आम्हाला ठाऊक नाही. शेवटी मेकॅनिक स्वतः शोधत गेला. आजोबा सुखरूप आहेत. बाहेर आले तेव्हा रडत होते म्हणे.
साहेब कडाडले. मी म्हटलं, कळवलं होतं, पुरावा आहे, आणि दाखवायला काकांच्या कॉम्प्युटरपाशी गेलो. तिथे 'अपडेट' नावाचं फोल्डर होतं. त्यात माझे सगळे मेल. एकही उघडलेला नाही. ताईकडेही तसंच. साहेब आपला कॉम्प्युटर बघायला केबिनमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.
काका माझ्याकडे बघत नव्हते. हळूच म्हणाले, अरे, मी इथेच बसलो होतो ना रे? एक हाक मारायचीस.
संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.
फोल्डर मात्र सगळ्यांनी अगदी बरोबर बनवलं होतं.

२ जुलै
आईला फोन केला. म्हटलं, खोलीचं जरा लांबणीवर पडलंय, नवीन व्हर्जनमुळे. तिने कारण विचारलं नाही. म्हणाली, काही हरकत नाही. ती निघणार म्हणून मामीने तिची कॉट शेजारी देऊन टाकली आहे. आता ती खाली सतरंजीवर झोपते. जमिनीवर पाठ सरळ राहते म्हणाली.
डॉक्टरही तसंच सांगतात, असं मी कुठेतरी वाचलेलं आहे.