काठावरचे आकडे

४ ऑक्टोबर
पासपोर्ट फोटो तीन, बाकी दिवसभर झेरॉक्सच. दुपारी वस्तीवरची कांता आली. ऊसतोडीला निघायचं म्हणून पत्र्याची पेटी आवरत होती, त्यात रोल सापडला. कृष्णधवल, न धुतलेला. बाळूनं, तिच्या भावानं काढलेला. बाळू जाऊन चार वर्षं झाली. आई त्याच्या आधीच वारली, उसाच्या फडावर. आईचा एकच फोटो आहे, मतदान कार्डावरचा, त्यातही डोळे मिटलेले.
"ह्याच्यात आई हाय तात्या. शेवग्याखाली बसवून काढलते दादानं. मी शेजारीच हुते."
डार्करूम बंद करून सतरा वर्षं झाली. नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो, चाळीस वर्षं हेच केलं, उद्या ये. सौ. दारातून बघत होती.

५ ऑक्टोबर
डार्करूम म्हणजे आता सौ.ची कांद्या-लसणाची खोली. सगळं बाहेर काढलं. फिल्म धुवायची टाकी सापडली, रीळ सापडलं. हायपो, म्हणजे न उमटलेलं धुऊन चित्र पक्कं करणारं औषध, चांगला होता, तो टिकतो. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या पावडरचा एकच डबा उरलेला, पत्र्याखाली सतरा उन्हाळे काढलेला. पावडर पिवळट, गठ्ठे झालेली. पाण्यात विरघळली, पण रंग कोऱ्या चहासारखा. थोडं बोटांत घेऊन चोळलं. ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्या उस्तादांची शिकवण: बोटं साबण लावल्यासारखी सरकली की औषध जिवंत. सरकली.
जुन्या फिल्मचा तुकडा आधी औषधात टाकून बघायचा राहिला. राहिला नाही, टाळला. पाच मिनिटांचं काम. तुकडा उजेडात काळा पडला की औषध चांगलं, एवढी साधी परीक्षा. पण कांता बाहेर बाकावर बसली होती, आणि तिच्यासमोर तपासत बसणं मला कमीपणाचं वाटलं.

तीच तारीख, संध्याकाळ
रोल कोरा. काचेसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
बाहेर आलो. ती उभी राहिली. मी म्हणालो, रोल कॅमेऱ्यात फिरलाच नाही, बाळूनं नीट अडकवला नसेल, नवशिक्याच्या हातून होतं असं. एका दमात. इतकं सराईत खोटं मला बोलता येतं हे माहीत नव्हतं.
ती जराशी हसली. "दादा धांदरटच हुता." मग पदर तोंडाला लावून गेली.

६ ऑक्टोबर
फिल्म दोरीवर वाळली होती. उजेडात धरली. काठावर आकडे नाहीत. कारखान्यातून येतानाच फिल्मच्या काठावर आकडे घातलेले असतात. फोटो काढा न काढा, रोल फिरो न फिरो, औषध चांगलं असेल तर ते उमटतातच. इथे एकही नाही.
म्हणजे औषध मेलेलं. चित्रं होती. ती उमटली नाहीत आणि मग मीच हायपोत घालून उरलंसुरलं धुऊन टाकलं. आता काही होत नाही.
शिरूरमध्ये हे आकडे वाचता येणारा मी एकटा. कोणी विचारणार नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

७ ऑक्टोबर
जुनी वही काढली. बोटं सरकतात ती सोड्यामुळे. सोडा तसाच राहतो. चित्र आणणारं औषध वेगळं, ते हवेनं मरतं. उस्ताद रोज सकाळी ताजं करायचे, त्यांची बोटं कधी चुकणारच नव्हती. मी मात्र जन्मभर बोटं चोळत राहिलो आणि स्वतःला जाणकार समजलो.

८ ऑक्टोबर
बाळूला कॅमेरा मीच विकला होता. याच टेबलावर तीन वेळा रोल घालून काढून घेतला त्याच्याकडून. रोल फिरतोय की नाही हे बघायची खूण दाखवली. तो प्रत्येक फोटोनंतर ती खूण बघायचा, मी त्याला हसायचो. धांदरट म्हणे. माझ्याकडून इतकं नीट कुणीच शिकलं नाही.

११ ऑक्टोबर
सौ. भाजीला गेली होती. तिथं वस्तीवरच्या बाया बोलत होत्या. बाळू रोल न घालताच सगळ्यांना उन्हात उभं करायचा म्हणे. हशा.
सौ.नं मला विचारलं, खरंच तसं झालं होतं का? मी पेपर वाचत राहिलो. "तुमी गप बसलात म्हंजी कायतरी हाय," म्हणाली.

१४ ऑक्टोबर
कांता बाजारातून परत जाताना दुकानात डोकावली.
"आजून एक रोल हाय तात्या, त्याच दिसाचा. पण त्यातबी काय नसंल. लेकरं खेळायला मागत्यात, देऊन टाकते."
"देऊ नको!" एवढ्या जोरात म्हणालो की ती दचकली.
"कावून वो?"
"राहू दे. सावलीत ठेव."
पुण्याला फोन करून नवीन औषध मागवलं.
मनात काय चाललंय ते इथे तरी लिहावं. दुसरा रोल नीट धुतला, आई आली, तर मी देवमाणूस. पहिल्याचं कुणाला कळणार नाही. बाळू तेवढा वेंधळा राहील, आणि मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. असा विचार केला. अर्धा दिवस केला. आणि खरं सांगितलं तर ती दुसरा रोल माझ्या हातात कशाला देईल?

१९ ऑक्टोबर
पार्सल आलं. तुकडा टाकला, पाच मिनिटांत कोळशासारखा काळा. मग बाटलीत उरलेल्या जुन्या औषधातही एक टाकला. तासभर बघत बसलो. होता तसाच.
सौ.ला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मला सांगून काय व्हायचं?" म्हणाली आणि कांदे निवडायला लागली.

२२ ऑक्टोबर
ऊसतोडीची टोळी उद्या निघणार. वस्तीवर गेलो. ट्रॉलीत सामान भरणं चालू होतं. कांताला बाजूला बोलवणार होतो. पण बाळूची बेअब्रू माझ्यामुळे चारचौघांत झाली, मग खरंही चारचौघांतच. तिथेच बोललो. बाळूनं रोल बरोबर घातला होता. औषध माझं खराब होतं, मी तपासलं नाही, आणि वर खोटं बोललो.
भरणारे हात थांबले. कुणीतरी "काय बे हा मानूस" म्हणालं, हळू नाही.
कांतानं एवढंच विचारलं, "मंग आई हुती त्याच्यात?"
"होती."
ती पेटीवर बसली. म्हणाली, "आमी समदे दादाला हसलो, तात्या."
काळा झालेला तुकडा खिशात होता, नवीन औषध चांगलं आहे हे दाखवायला नेलेला. बाहेर काढला नाही. रोलही मागितला नाही. कोणत्या तोंडानं मागणार? चालत घरी आलो.

२३ ऑक्टोबर
सकाळी दुकान उघडत होतो तर ट्रॉली समोर थांबली. कांता वर, गाठोड्यांच्या मधे. मुठीत रोल.
"फडावरच्या पाचटाच्या कोपीत ऊन लई असतंय. ह्यो कुठं ठिवू?"
माझ्याकडे दे, हे अगदी ओठांवर आलं. म्हणालो, कोरड्या डब्यात, घट्ट झाकण, चुलीपासून लांब.
"उनाळ्यात येऊ परत. तवर टिकंल का?"
चाळीस वर्षांत गिऱ्हाईकाला कधी म्हणालो नव्हतो ते म्हणालो. माहीत नाही, कांता.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रॉली हलली तरी तिची मूठ रोलावर मिटलेलीच होती.