चातीचं तेल आणि यवतेश्वरचा उतार

आबा, काल तुमची पणती नवी सायकल घेऊन घरी आली आणि मला म्हणाली, "आजोबा, एका हातानं उचलून बघा." उचलली. भरल्या बादलीएवढंही वजन नाही. दंडोबाच्या डोंगरावर दगडधोंड्यांतून पळवायची म्हणते, हौस बघा! मग तिनं चाकाचा हब दाखवला, म्हणजे सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात तो मधला तुंबा. हा म्हणे लय हलका, चढाला पाय मारायचा अवकाश की चाक धावतं. मी चाकाला बोटानं गिरकी दिली तर ते थांबेचना. तुम्ही असता तर आधी कान लावला असता. रात्री जेवताना सगळे बोलत होते आणि मी मनात तुमच्याशी बोलत होतो, म्हणून आज सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसलो.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा हिवाळा आठवतोय का? तुम्ही माधवनगरच्या गिरणीत रिंगखात्यात तेलवाले होता. शेकडो चात्या सूत कातत गरागरा फिरायच्या आणि त्यांच्या बुडात पातळ तेल सोडत तुम्ही दिवसभर हिंडायचा. मी कुपवाडला एका शेडमध्ये लेथवर होतो आणि डोक्यात सायकलच्या शर्यतींचं खूळ. मालकाकडून भंगारातला अॅल्युमिनियमचा गज मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही चाकांचे हब स्वतः कातले. आतल्या छऱ्यांच्या वाट्या तेवढ्या जुन्या लोखंडी हबच्या बसवल्या. शेडमधले गडी आलटूनपालटून सायकल चालवून बघायचे. एकजण उतरून म्हणाला, "आरं, ही सायकल हाय का पापड?" पण हसत हसत पुन्हा बसला आणि अख्ख्या वसाहतीला फेरी मारून आला. पायडल मारलं की पुढून कुणीतरी हाताला धरून ओढतंय असं वाटायचं. अहाहा, काय दिवस होते!

तुम्हाला मात्र ते पटत नव्हतं. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही जेवताय, आणि मी कौतुकानं हब तुमच्या ताटाशेजारी ठेवतो. तुम्ही तो उचलता, चटणीच्या बोटांनी फिरवता आणि खाली ठेवता. "सायकल कामावर जायला असती. शर्यत बैलांची असती, माणसांची न्हाई." साताऱ्याच्या एका तालमीनं शर्यत ठेवली होती, पायथ्यापासून यवतेश्वराचा घाट चढून वर जायचं आणि तसंच खाली यायचं. मी हट्टच धरला. शेवटी तुम्ही म्हणाला, "जा. मीबी येतो बघायला. पैला आलास तर तुझं तू बघ. न्हाई आलास, तर पुन्यांदा शर्यतीचं नाव काढायचं न्हाई." आई म्हणाली, "आवं, पोराला जरा गोड बोलावं." तुम्ही म्हणाला, "गोड बोलून घाट चढत न्हाई कुणी." मला तर पहिलं यायचंच होतं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत यायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही पाळीवरून आलात ते लांब चोचीची तेलाची बुधली घेऊनच. मुकादमाला सांगून आणली होती. सायकल उलटी केलीत आणि मी भरलेलं सगळं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढलंत. मी हां हां म्हणेपर्यंत काम झालंसुद्धा. "ग्रीस बैलगाडीला. आमची चाती येवढी पळती ती काय ग्रीसवर?" असं म्हणत दोन्ही हबमध्ये चातीचं तेल सोडलंत आणि चाक फिरवून कान लावलात. तुमचा चेहरा असा फुलला होता की बस्स! मी कातलेल्या वस्तूला तुम्ही पहिल्यांदाच आपणहून हात लावत होता. मी कशाला तोंड उघडतोय?

एसटीच्या टपावर सायकल टाकून आपण साताऱ्याला गेलो. चढ मी मजेत चढलो, खोटं कशाला बोलू. वर तालमीचा माणूस गुलालाचं ताट घेऊन उभा होता, कपाळाला बोट लागल्याशिवाय माघारी फिरायचं नाही असा नियम. माझ्या आधी दोघांना गुलाल लागला होता. उतारावर पहिलं वळण आलं, मी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही! ओल्या साबणावरून हात सरकावा तसं रबर सरकलं. खाली बघतो तर हबमधून तेल निघून तारांवरून रिमवर आलेलं. गिरणीतली चाती उभी असते, तेल तिच्या बुडात बसून राहतं. चाकाचा आस आडवा, आतलं पातळ तेल दोन्ही बाजूंनी बाहेर. आणि आपल्या सायकलींचे ब्रेक दांड्यांचे, रबर दाबतं ते रिमला आतून, नेमकं तिथंच. मेलो म्हटलं. पुढच्या टायरला बुटाचा तळ घासत, देवाचं नाव घेत, नाही नाही त्या शिव्या देत मी खाली आलो. एका वळणावर एक गडी मागं पडला, दुसऱ्या वळणावर दुसरा. भीती होती, पण आबा, मधेच कुठंतरी मला हसू फुटलं. गार वारं, खाली अख्खा सातारा, आणि सायकल हवेवर चालल्यासारखी. एवढा आनंद पुन्हा क्वचितच झाला.

रेघ ओलांडूनही मी थांबलो नाही तो थेट रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात. लोक ओरडतायत, "काय काळीज हाय गड्या! एकदाबी ब्रेक धरला न्हाई!" तुम्ही धोतर सावरत पळत आलात, मला नीट बघितलंत, हातपाय धड आहेत म्हटल्यावर पुढचं चाक उचलून फिरवलंत. "बघितलंस? चातीचं तेल हाय ते!" मला बांधलेला फेटा परतीच्या एसटीत तुमच्या डोक्यावर होता. कंडक्टरपासून सगळ्यांना कंदी पेढे वाटलेत आणि प्रत्येकाला तेलाची गोष्ट सांगितलीत. पुढं मी शर्यतींना जात राहिलो, तुम्ही कधी अडवलं नाही. शेवटच्या दुखण्यात तपासायला आलेल्या डॉक्टरलासुद्धा तुम्ही तीच गोष्ट ऐकवलीत, आणि तो बिचारा नाडी धरून हसत बसला.

दुसऱ्याच दिवशी मी गुपचूप रिम पुसून हबमध्ये पुन्हा ग्रीस भरलं होतं. ब्रेकचं तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आपणच पोराला दरीत लोटत होतो असं तुमच्या मनानं घेतलं असतं, आणि तुमचा तो फेट्यातला चेहरा मला उतरलेला बघायचा नव्हता. आता हे कुठल्या पत्त्यावर धाडणार? तरी सांगतो. माझं नशीब म्हणून वाचलो आणि म्हातारा उगीच तेलाचा डंका पिटतोय, असं मी वर्षानुवर्षं समजत आलो. तसं नव्हतं, आबा. तुमच्या तेलानंच जिंकलो. लोकांना माझं काळीज दिसलं, पण मी भ्यालो होतो. प्रत्येक वळणावर मी दोन्ही हातांनी, होता नव्हता तो जोर लावून ब्रेक दाबत होतो. लागला असता तर मी तिसरा आलो असतो.